निवडणूक घेणारा अधिकारी मतदारांनीच निवडावा का?

फळाखडू (धागाकर्ता)
अमेरिकेत निवडणुका राज्यं घेतात आणि बहुतेक राज्यांत त्या कामाचा प्रमुख असतो राज्याचा सेक्रेटरी ऑफ स्टेट. तो बहुतांश ठिकाणी पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो. मला हे मुळातच चूक वाटतं. २००० साली फ्लोरिडात हे पद कॅथरीन हॅरिस यांच्याकडे होतं आणि बुश यांच्या तिथल्या प्रचाराच्या सहअध्यक्षही त्याच. बुश ५३७ मतांनी जिंकल्याचा निकाल हॅरिस यांच्याच सहीने लागला. २०१८ मध्ये जॉर्जियात ब्रायन केम्प गव्हर्नरपदाला उभे राहिले, तेही याच खुर्चीत बसून. राजीनामा दिला मतदान उरकल्यावर. निकाल बरोबर असला तरी हरलेल्याने त्यावर विश्वास कसा ठेवायचा?

अटलांटाकर
मी जॉर्जियात मत देतो. २०२० मध्ये इथे बायडेन ११,७७९ मतांनी जिंकले. २ जानेवारी २०२१ ला ट्रम्प यांनी सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना फोन करून ११,७८० मतं शोधायला सांगितली. रॅफेन्सपर्गर त्यांच्याच पक्षाचे, तरी हलले नाहीत. त्याआधी सुमारे ५० लाख मतपत्रिका हाताने मोजून झाल्या होत्या. नेमलेल्या माणसाला नेमणारा काढू शकतो. यांना काढायचा हक्क फक्त आमचा होता. २०२२ च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, ट्रम्प यांचा पाठिंबा असलेले जोडी हाइस उभे होते, त्यांना हरवून आम्ही यांनाच परत पाठवलं.

फळाखडू
एक माणूस ताठ निघाला म्हणून पद्धत चांगली ठरत नाही. त्याच वर्षी ॲरिझोनात मार्क फिंचम आणि नेवाडात जिम मार्चंट याच पदासाठी रिपब्लिकन उमेदवार होते. २०२० चा निकाल दोघांनाही मान्य नव्हता. दोघे हरले, पण मार्चंट थोडक्यात. आणि तुमच्याच राज्याच्या विधिमंडळाने २०२१ मध्ये कायदा करून रॅफेन्सपर्गर यांना राज्य निवडणूक मंडळाच्या अध्यक्षपदावरून हटवलं. लोकांनी निवडलेला असूनही ते टळलं नाहीच ना!

मांडवीकाठ
नेमणुकीवर एवढा भरवसा ठेवू नका. आमच्या गोव्यात सरकारने कायदा सचिवांकडेच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार दिला होता. सरकारी नोकर या पदावर चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाला मार्च २०२१ मध्ये सांगावं लागलं. केंद्रातही २०२३ च्या कायद्याने निवडणूक आयुक्तांच्या निवड समितीत पंतप्रधान, एक मंत्री आणि विरोधी पक्षनेता आहेत. तिघांत दोन मतं सरकारची. सरन्यायाधीश त्यात नाहीत. इथे मतदाराने दाद कुणाकडे मागायची?

फळाखडू
ताई, तो दोष समितीच्या रचनेचा आहे आणि कायदा बदलून तो दूर करता येतो. पक्षाचं तिकीट घेऊन प्रचार केलेल्या माणसाची निष्ठा कोणता कायदा बदलणार?

अटलांटाकर
समिती बदलायची तरी सत्ताधाऱ्यांनीच, म्हणून ती बदलत नाही. एक मात्र मान्य. स्वतःच्या निवडणुकीचा प्रमुख स्वतःच, हे बंद व्हायला हवं. २०२२ मध्ये ॲरिझोनात डेमोक्रॅट केटी हॉब्स यांनीही तेच केलं. मी त्यांच्या पक्षाचा मतदार आहे, तरी ते गैरच म्हणेन. उमेदवारी भरली की खुर्ची सोडायची, हा नियम आणा. माझ्या हातातलं मत मात्र मी समितीला देणार नाही.