क्षारता, लवणता की नुसता खारेपणा?

पोरीच्या भूगोलात 'सागरजलाची क्षारता' आहे आणि दिल्लीला हिंदीत शिकणाऱ्या भाच्याच्या पुस्तकात 'लवणता'. काल फोनवर जुंपली दोघांची, तो म्हणतो क्षार म्हणजे सोड्यासारखं, ॲसिडच्या उलट, ते समुद्रात कुठून आलं? कोणाचं बरोबर? आणि मलाच पडलेला प्रश्न, समुद्र सगळे जोडलेलेच ना, मग अरबी समुद्र बंगालच्या उपसागरापेक्षा जास्त खारट कसा?

— दोघंही बरोबर. हिंदीतला क्षार म्हणजे बेस, मराठी शाळेतलं आम्लारी. आपला क्षार म्हणजे सॉल्ट, त्यांचं लवण. त्यामुळे मराठीत क्षारताच चालू दे. हिंदीवरून भाषांतर करणारे इथेच आपटतात.

— शेतीत तर अजून बारकावा आहे, क्षारपड म्हणजे क्षार साचलेल्या जमिनीवर पांढरा थर येतो आणि चोपण म्हणजे सोडियम वाढलेल्या जमिनीत पाणीच मुरत नाही. दोन्ही वेगळ्या.

— खारटपणाचं सांगतो. किलोभर समुद्राच्या पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार, उत्तर अरबी समुद्रात ३६ च्या वर, उपसागराच्या उत्तरेला ३० च्या आसपास किंवा पावसाळ्यानंतर त्याहून कमी. पण मीठ कोणी जास्त टाकलेलं नसतं हो, खुल्या समुद्रात क्षारांचं आपसातलं प्रमाण जवळपास सगळीकडे सारखंच, कमीजास्त होतं ते पाणी. अरबी समुद्रावर वाफ होते भरपूर, त्या मानाने पाऊस कमी, आणि मोठ्या नद्या म्हणाव्या तर सिंधू, नर्मदा, तापी. तिकडे गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, वर आपल्या गोदा-कृष्णा. महाबळेश्वरहून अरबी समुद्र सरळ रेषेत ६०-६५ किमी, तिथला पाऊस आला अरबी समुद्रावरूनच, आणि कृष्णामाई तेच पाणी घेऊन जाते पार आंध्रात! वाफ याची, गोडं पाणी त्याला.

— म्हणजे माहेरचं सगळं सासरी :)

— लाल समुद्र ४० च्या आसपास जातो, ऊन रणरणतं आणि बारमाही नदी एकही मिळत नाही. उलट बाल्टिकच्या मधल्या भागात जेमतेम ७-८, नद्या खूप, थंडीमुळे वाफ कमी, आणि डेन्मार्कजवळचं तोंड अरुंद त्यामुळे बाहेरचं खारं पाणी आत फारसं येत नाही.

— ७-८ ला खारं नका म्हणू, त्याला आमच्याकडे मचूळ म्हणतात. अलिबागकडे आमची विहीर मे महिन्यात मचूळ होते, घोट घेतला की जिभेवर काहीतरी रेंगाळतं, डाळ शिजता शिजत नाही. जूनमधे चार दणके पडले की परत गोडी. पुस्तकवाले याला 'निमखारे' म्हणतात, कसला बेचव शब्द!

— वाचून दाखवलं पोरीला. विचारतेय, पेपरात 'बाल्टिक समुद्र मचूळ आहे' लिहिलं तर मार्क देतील का?