‘ब्योबू’ : पडदा की आडोसा?

प्रश्न : जपानी चित्रकलेवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. जुन्या साहित्यातले प्रसंग ज्यांवर रंगवलेले असतात त्या घडीच्या उभ्या पडद्यांचा, म्हणजे जपानी ‘ब्योबूं’चा, उल्लेख त्यात वारंवार येतो. ‘फोल्डिंग स्क्रीन’ लिहायचे नाही. ‘चित्रपट’ हा शब्द सिनेमाने केव्हाच घेतला. यवनिका, अंतरपाट, पडदा यांतले काय चालेल?

उत्तर : तिन्ही नकोत, कारण तिन्ही कापडाचे आहेत. यवनिका सरकते, अंतरपाट दोघांनी धरायचा आणि मंगलाष्टके संपली की दूर करायचा, पडदा टांगायचा. ब्योबू जमिनीवर स्वतःच्या पायावर उभा राहतो, तोही नागमोडी घड्या असतात म्हणूनच. जपानी शब्दातली दोन चिन्हे ‘अडवणे’ आणि ‘वारा’ अशी आहेत. वारा अडवणारी वस्तू म्हटल्यावर मला मराठीत एकच शब्द सुचतो, आडोसा. आपण घडीची खुर्ची म्हणतो तसा ‘घडीचा आडोसा’. पण हा खुलासा पहिल्या उल्लेखाला एकदाच करा आणि पुढे सरळ ‘ब्योबू’ लिहा. किमोनो, हायकू आपण घेतलेच आहेत.

लेखनाबद्दल दोन गोष्टी. शेवटचा उकार मराठीच्या रीतीने दीर्घ असावा, म्हणजे ब्योबू, ब्योबूवर. आणि उच्चारताना ‘बियोबू’ नको. ‘ब्यो’ हे जोडाक्षर आपल्याला सहज येते. पोर्तुगीजांनी मात्र त्याचे ‘बियोंबो’ केले, आणि तोच शब्द आजही पोर्तुगीज व स्पॅनिशमध्ये रूढ आहे. नागासाकीला जाणारी त्यांची जहाजे गोवा आणि मकाव करत जात. त्याच लोकांकडून मराठीत बिजागरी आली, बियोंबो मात्र रुजला नाही.

बिजागरीवरून आठवले, ब्योबूची बिजागरी कागदाची असते आणि चित्राच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे. आधी प्रत्येक फळीला वेगळी चौकट असे आणि फळ्या दोरीने किंवा चामड्याच्या पट्टीने जोडत, त्यामुळे चित्र फळीपुरते राही. चौदाव्या शतकाच्या सुमारास कागदी बिजागऱ्या आल्या, मधल्या चौकटी गेल्या आणि एकच चित्र सहा फळ्यांवर सलग पसरू लागले. ते उजवीकडून डावीकडे पाहायचे. बहुतेकदा अशा दोन ब्योबूंची जोडी असते. ‘सहापटी’ लिहू नका, वाचक गुणाकार समजेल. ‘सहा फळ्यांचा’ सरळ आहे.

प्रश्न : आभारी आहे. आणखी एक. या चित्रांना ‘कथाचित्र’ म्हणावे का? लेखात एका ब्योबूवर फक्त फुले आहेत, तरी तो साहित्यातला प्रसंग म्हटला आहे.

उत्तर : तो ओगाता कोरिनचा ‘काकित्सुबाता’ असणार, तोक्योच्या नेझू संग्रहालयातला, 1700 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतला. सोनेरी वर्ख, त्यावर निळी फुले आणि हिरवी पाती, बाकी काही नाही. तरी तो ‘इसे मोनोगातारी’ या जुन्या जपानी कथा-कवितांच्या ग्रंथातलाच प्रसंग आहे. राजधानी सोडून निघालेला नायक यात्सुहाशी, म्हणजे ‘आठ पूल’, नावाच्या जागी थांबतो. पाणथळीत काकित्सुबाता, म्हणजे आयरिसची एक जात, फुललेली असते. सोबती म्हणतात, या फुलाच्या नावाची पाच अक्षरे पाच ओळींच्या आरंभी घालून कविता कर. तो करतो, आणि त्या कवितेत मागे राहिलेल्या पत्नीची आठवण ऐकून सगळे रडतात. कोरिनने नायक काढला नाही, सोबती नाहीत, पूलही नाही. पाहणाऱ्याला कविता पाठ आहे एवढ्या भरवशावर त्याने फुले ठेवली. काही वर्षांनी त्याने तोच विषय पुन्हा घेतला तेव्हा पूल घातला. ती जोडी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. मला पूल नसलेलीच अधिक भिडते.

कोरिनच्या आधीचा चित्रकार तावाराया सोतात्सू, त्यानेही असेच केले आहे. ‘गेंजी मोनोगातारी’ ही मुरासाकी शिकिबूची अकराव्या शतकाच्या आरंभीची 54 प्रकरणांची कथा. तिच्यातली ‘सेकिया’ आणि ‘मिओत्सुकुशी’ ही दोन प्रकरणे त्याने 1631 मध्ये एका जोडीवर रंगवली. एकात घाटातल्या नाक्याजवळ कथेचा नायक गेंजी याची बैलगाडी आणि पूर्वी त्याचे जिच्यावर मन होते त्या उत्सुसेमीचा काफिला समोरासमोर येतात. दुसऱ्यात तो सुमियोशीच्या देवस्थानाला आलेला आहे, आणि आकाशी या गावची त्याची प्रेयसी त्याचा लवाजमा पाहून आपली होडी दूरच ठेवते. भेट कुठेच होत नाही. गाडी दिसते, होडी दिसते, पण ज्यांची कथा आहे ती माणसे दिसत नाहीत. ज्याने कथा वाचलेली नाही त्याला ही नुसती मिरवणूक वाटेल.

म्हणून ‘कथाचित्र’ मला पटत नाही. कथाचित्र कथा सांगते, आपल्या पिंगुळीची चित्रकथी तशी आहे, चित्र दाखवत गोष्ट पुढे न्यायची. ब्योबू गोष्ट सांगायला बसत नाही, माहीत असलेल्या गोष्टीतली एक जागा समोर ठेवतो. ‘प्रसंगचित्र’ त्याला जवळ जाते. गेंजीच्या प्रसंगांना जपानीत ‘गेंजी-ए’, म्हणजे गेंजी-चित्रे, असे नावच आहे, ते तसेच घ्या. चित्राखालची ओळ अशी होईल : ‘काकित्सुबाता, ओगाता कोरिन. इसे मोनोगातारीतील प्रसंगावरून. सहा फळ्यांच्या दोन ब्योबूंची जोडी, कागदावर सोनेरी वर्ख आणि रंग.’