गॉश: पोस्टकार्डाएवढ्या चित्रात रात्रीचं रान आणि उजळलेली खिडकी. रंग गढूळ का होतो?

काजवी:
ए६ कागदावर (१०५ × १४८ मिमी) गॉशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगात, छोटी कल्पनाचित्रं करतेय. सध्याचं चित्र असं: पावसाळ्यातली रात्र, जुन्या उंबराच्या ढोलीत बेडकाचं घर, दाराशी कंदील, दोन उजळलेल्या खिडक्या, मुळांशी अळंबी. कागद ३०० जीएसएम (जाड), कोल्ड प्रेस (खडबडीत पोताचा). बाटलीतले पोस्टर कलर आणि ट्यूबमधला परमनंट व्हाइट वापरते.

अडचणी तीन. गडद निळ्या पार्श्वभूमीवर कंदिलाचा पिवळा लावला की भोवती हिरवट डाग पडतो. पार्श्वभूमी ओली असताना छान गडद दिसते, वाळली की फिकी आणि पट्ट्यापट्ट्यांची होते. आणि खिडकीत कितीही पांढरा घातला तरी ती उजळ न दिसता खडूने रंगवल्यासारखी दिसते. क्रम चुकतोय की सामान?

बशीभर_रंग:
थोडं सामान, पण मुख्यतः क्रम.

गॉश वाळला तरी पक्का होत नाही. त्यातला डिंक पाणी लागलं की पुन्हा विरघळतो. ओला ब्रश निळ्यावर दोनदा फिरला की निळा उठतो आणि पिवळ्यात मिसळतो, म्हणून हिरवा. शिवाय लेमन यलो मुळात अर्धपारदर्शक असतो, तो एकटा गडदावर टिकत नाही.

उजेडाची जागा आधी ठरवा आणि तिथे गडद लावूच नका. पेन्सिलीने खिडकी आखा. खिडकी आणि तिच्याभोवतीचा साधारण ८ मिमी भाग आधी गरम रंगाने भरा: मध्ये लेमन यलो, बाहेर यलो ऑकर, त्याच्या बाहेर बर्न्ट सिएना. पूर्ण वाळू द्या. मग निळा बाहेरून आत आणा आणि सिएनाच्या कडेवर थांबवा. तिथे थोडी मिसळ झाली तरी हिरवं होत नाही, कारण निळा आणि नारिंगीसर तपकिरी एकमेकांना मारतात आणि करडा-तपकिरी तयार होतो. अंधारात उजेड विरताना दिसायला तोच हवा असतो.

आत्ताचं चित्र वाचवायचं असेल तर डागावर घट्टसर परमनंट व्हाइटचा एक ठिपका ठेवा. एकच स्पर्श, घासू नका. वाळला की त्यावर पिवळा.

खडूसारखं दिसण्याचं कारण पांढराच आहे. पिवळ्यात पांढरा जास्त घातला की रंग उजळतो खरा, पण थंड पडतो. कंदिलाच्या प्रभेत पांढरा घालूच नका. फक्त ज्योतीच्या गाभ्यात टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका, तोही लेमनचा अंश घालून. खिडकी उजळ दिसते ती शेजारचा अंधार आणि मधली गरम कड यांच्यामुळे.

अस्तर:
वरच्याशी सहमत. मी पार्श्वभूमीचं बोलतो.

गॉशमध्ये गडद छटा वाळल्यावर फिक्या होतात आणि फिक्या छटा किंचित गडद. त्यामुळे ओला रंग बघून निर्णय घेऊ नका. त्याच कागदाच्या तुकड्यावर पट्टी ओढा, वाळवा आणि मग ठरवा. कागद हाताच्या पाठीला गार लागला तर तो अजून ओला आहे. कोकणात किंवा पावसाळ्यात कुठेही हे वाळणं फार रेंगाळतं. हेअर ड्रायर मंद झोतावर, हातभर लांबून चालेल.

पट्टे पडतात कारण मिश्रण मध्येच संपतं आणि दुसऱ्यांदा केलेलं कधीच हुबेहूब जमत नाही. ए६ साठी चहाचा अर्धा चमचा रंग एकदमच कालवा. अल्ट्रामरीन तीन भाग, बर्न्ट अंबर दोन भाग. नुसता काळा नको, रात्र मेल्यासारखी दिसते. मिश्रण पातळ सायीएवढं ठेवा. अर्ध्या इंची चपट्या ब्रशने पहिला हात आडवा, पूर्ण वाळल्यावर दुसरा उभा. दुसऱ्या हाताला रंग किंचित घट्ट, ब्रश टिश्यूला टेकवून घेतलेला, आणि प्रत्येक फटकारा एकदाच. मागे फिरून "जरा इथे सारखं करू" म्हटलं की पहिला थर वर आलाच!

फार घट्ट लावलात तर उलटी अडचण: कागद वाकला की रंगाला तडे जातात. जाड थरात एखादा थेंब गम अरेबिक (रंगात असतो तोच डिंक) घातला तर फरक पडतो. जास्त झाला तर तिथे चमक येते आणि थर ठिसूळ होतो. म्हणून थेंबच.

बाटलीतल्या पोस्टर कलरमध्ये भर घालायची पांढरी पूड जास्त आणि रंगद्रव्य कमी असतं. पार्श्वभूमीला ते चालतील. कंदील, अळंबीची टोपी, बेडकाचे डोळे यांना डिझायनर गॉशच्या दोन-तीन ट्यूब घ्या. आणि कागद हॉट प्रेस (गुळगुळीत) घ्या. कोल्ड प्रेसच्या खड्ड्यांत ३ मिमीच्या खिडकीची कड सरळ येत नाही.

काजवी:
दोघांचे आभार! हिरव्या डागाचं कारण आत्ता कळलं. पार्श्वभूमी ॲक्रिलिक गॉशने केली तर ती उठणार नाही ना? आणि बारीक कामाला ०००चा ब्रश घेऊ का?

अस्तर:
नाही उठणार. ॲक्रिलिक गॉश वाळला की पाण्याने सुटत नाही, त्यावर साधा गॉश बिनधास्त करा. पण मग कडा ओल्या ब्रशने मऊ करता येत नाहीत, म्हणून उजेडाभोवतीचा भाग साध्या गॉशसाठी मोकळा सोडा. ब्रश मात्र लगेच धुवा.

००० घेऊ नका. त्यात रंग इतका कमी मावतो की कागदापर्यंत जाताना टोकावरच वाळतो. चांगल्या टोकाचा ० किंवा १ नंबरचा गोल सिंथेटिक घ्या. रेघ टोकाने येते, रंग पोटात राहतो.

वेलबुट्टी:
तंत्र वर आलंच आहे. चित्र "छोट्यांच्या जगातलं" वाटायला मापं सांभाळायला लागतात, त्याबद्दल लिहिते.

घर छोटं काढलं म्हणून छोटं दिसत नाही. शेजारी ओळखीची, ठरलेल्या आकाराची वस्तू लागते. दार ७ मिमी असेल तर त्यापेक्षा उंच नेच्याचं पान हवं, उंबरठ्यावर दाराच्या निम्म्या उंचीची गोगलगाय हवी, छपरावर पडलेलं एखादं उंबर हवं. अळंबीच्या टोपीखालच्या पाळ्या दाखवा, पण समोरच्या एकाच अळंबीला. सगळीकडे तेवढाच तपशील दिला तर नजर कुठेच थांबत नाही.

विजापूरच्या शैलीतली सतराव्या शतकाच्या सुरुवातीची मैना घेतलेली योगिनी जरूर पाहा. डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. तिच्याभोवतीची फुलझाडं अवास्तव मोठी आहेत आणि लांबवर पांढरा महाल इवलासा. जागा स्वप्नातली वाटते ती बरीचशी या मापांच्या खेळामुळे. आपली लघुचित्रं डिंकात कालवलेल्या अपारदर्शक जलरंगांतलीच, त्यामुळे गॉश करणाऱ्याला त्यांत शिकण्यासारखं खूप आहे. पानापानावर आधी सपाट गडद, मग मधला, मग शेवटी एक फिकी कड, हा क्रम तुमच्या उंबराच्या पानांना जसाच्या तसा लावता येईल.

रंगवण्याआधी काडेपेटीएवढ्या चौकटीत तीनच छटांत कच्चं चित्र करा: गडद, मधली, उजळ. उजळ भाग एक दशांशाच्या आसपास ठेवा. काजवे काढणार असाल तर कंदिलापेक्षा मंद आणि पिवळसर हिरवे, ठिपके तीन आकारांचे, झुपक्याने. सारख्या अंतरावर ठेवलेत तर ते दिव्यांची माळ दिसतील.

बशीभर_रंग:
एक राहिलं. गुलाबी अळंबी करायची असेल तर जपून. काही मॅजेंटा आणि गडद गुलाबी वरच्या पांढऱ्यातून झिरपून बाहेर येतात. ते शेवटच्या थरात वापरा, खाली नको. फ्लुरोसंट रंगांनी प्रभा झकास येते, पण ते उजेडात लवकर उडतात. स्कॅन करून छापायचं असेल तरच वापरा.

वार्निश लावू नका, छटा बदलतात आणि मखमली पोत जातो. फ्रेम करताना माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घालून काच चित्रापासून लांब ठेवा. पावसाळ्यात भिंतीला चिकटून टांगू नका, डिंकावर बुरशी धरते. सुटी चित्रं बटर पेपरमध्ये, डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून.