ब्रेकअपवर मारवा? आणि तोही 'शांत' व्हायला?

तिरकस_पेठकर:
परवा कुणीतरी फॉरवर्ड केलेली पोस्ट वाचली. प्रेमभंग झालाय? सकाळी उठल्या उठल्या मारवा राग ऐका, झोपताना 432 हर्ट्झची बासरी लावा, मन शांत होईल. खाली हात जोडणाऱ्यांची ही रांग! अहो, मारवा आणि शांत? रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य म्हणजे लागतच नाही, आणि सा? तो तर येतो येतो म्हणत हुलकावणी देतो. गायक अमीर खाँसाहेबांचा ऐका आणि 'रिलॅक्स' होऊन दाखवा. बरं, ते 432 कुठून आलं? तो वाद पाश्चात्त्यांच्या पांढरी सहाचा, म्हणजे पेटीवरचा तो सूर 440 हर्ट्झला लावायचा की 432 ला. आपल्याकडे सा ज्याच्या त्याच्या गळ्याचा, कुणाचा काळी एक, कुणाचा काळी चार. दुःखी माणसाला आधी नीट रडू द्या, मग काय ते शांत करा.

मृण्मयी_ठाणे:
पंचम वर्ज्य असो नाहीतर हजर, लग्न मोडलं तेव्हा सकाळच्या लोकलमध्ये हेडफोन लावून रोज यमन ऐकायचे. लोकांसमोर रडू यायचं थांबलं. तुमचं व्याकरण तुम्हाला लखलाभ.

जुनी_तबकडी:
ताई, सकाळी यमन?? आणि मूळ पोस्टीत सकाळी मारवा! संध्याकाळचे राग हे. आधीच रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद, त्यामुळे उघड्या मैदानावर दरबारी, मालकंस त्यांच्या वेळेला ऐकणं दुर्मीळ झालं. आता घरातही वेळ पाळायची नाही म्हणजे संपलंच.

मायलापूरचा_मराठी:
काका, इथे चेन्नईत कर्नाटकी मैफलीत वेळेचं बंधन जवळजवळ कुणी पाळत नाही. रसिक धडधाकट आहेत.

जुनी_तबकडी:
त्यांची परंपरा वेगळी. आमच्याकडे प्रहर म्हणजे प्रहर.

मायलापूरचा_मराठी:
वर ज्यांचं नाव आलं त्याच खाँसाहेबांची एलपी घ्या. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मावळतीचा एक, मध्यरात्रीचा एक. तबकडी उलटायला तुम्ही मध्यरात्रीपर्यंत थांबायचात का?

जुनी_तबकडी:
हो, थांबायचो! आमच्या घरी तशीच शिस्त होती. तुमच्यासारखं बोट सरकवून संगीत ऐकलं नाही कधी.

ढोल_वाजव:
काकूंना विचारायला हवं, मध्यरात्री दरबारी ऐकून त्यांना किती शांत वाटायचं ते 😀
बाकी शांत संगीत हा प्रकारच मला झेपला नाही. ती गेली तेव्हा मित्राने संतूर पाठवलं, ऐकून उलट तिलाच मेसेज करावासा वाटायचा. शेवटी पथकात शिरलो. कमरेला ढोल बांधल्यावर हातातला मोबाईल आपोआप सुटतो.

जुनी_तबकडी:
घरच्यांना मध्ये आणायचं कारण नाही. आणि तुमच्या पथकामुळे आमच्या गल्लीत महिनाभर कोण शांत झोपलंय? सरावाला नदीकाठ कमी पडतो वाटतं.

ढोल_वाजव:
10 च्या आत बंद करतो काका. नियम तुमच्या दरबारीला लागू तसा आमच्या ढोलालाही.

साधी_सुधा:
भांडून झालं असेल तर एक बोलू? माझ्या भाच्याला घरातल्यांनी असंच रागांवर ठेवलं होतं. पोरगा जेवत नव्हता, झोपत नव्हता आणि हे बासरी बदलून बघतायत. शेवटी डॉक्टरकडे मी नेलं. मानसिक त्रासासाठी सरकारचा टेली-मानसचा 14416 हा नंबर आहे, तोसुद्धा कुणाला सुचला नव्हता. ऐका काय ऐकायचं ते, पण औषध म्हणून वाटू नका.

तिरकस_पेठकर:
सुधाताई, हेच म्हणायचं होतं, पण इथे घड्याळावरच मारामारी लागली. माझा प्रश्न तसाच राहिला: मारव्याने कुणी शांत झालंय का?

मृण्मयी_ठाणे:
तुमच्या हट्टापायी काल खाँसाहेबांचा मारवा ऐकला. नव्याने रडले. म्हणजे तुमचं खरं ठरलं, अभिनंदन. माझी झोप गेली ती गेलीच. यमन मात्र मी सोडणार नाही.

जुनी_तबकडी:
काल किती वाजता ऐकलात?