अकीक आपल्या विहिरीतही
अकीक म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा, दागिन्यांत वापरतात तो दगड. 'अकीक गुजरातेतल्या खंबातचा, आपल्या खान्देशात नुसता काळा दगड' असं कुणी म्हणालं, तर ते अर्धंच खरं. खंबातला कारागिरी आहे. पण अकीक बेसाल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या याच काळ्या दगडाच्या, पोकळ्यांत तयार होतो, आणि तापीकाठचा गाळ सोडला तर खान्देश बहुतेक त्याच खडकावर बसलाय. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकतात, मग सिलिका (गारगोटी ज्याची बनते ते द्रव्य) विरघळलेलं पाणी त्यात थरावर थर चढवत जातं.

नवी विहीर खणली की मलब्यात नीट बघा. बाहेरून बटाट्यासारखा ओबडधोबड गोटा, फोडला तर आत राखाडी-पांढरे पट्टे, मधे बारीक चकचकीत स्फटिक. साध्या चाकूनं ओरखडा उठत नाही, उलट तोच काचेवर रेघ मारतो. चाळीसगावजवळ पाटण्याच्या उत्खननात अश्मयुगीन माणसाची हत्यारं सापडलीत, त्यातली अनेक कॅल्सेडनी या अकीकाच्याच कुळातल्या दगडाची.