पोस्त, बक्षिसी, चहापाणी की टीप? नोटिशीत नेमकं काय लिहू?

आमच्या सोसायटीत दरवर्षी दिवाळीच्या आधी वॉचमन, झाडूवाली ताई, कचरेवाला, पंपाचं बघणारा या सगळ्यांसाठी घरटी पैसे गोळा करतात आणि यंदा नोटीस लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण काय तर मला मराठी टायपिंग येतं. पहिल्याच ओळीत अडलोय. 'दिवाळी बक्षीस' लिहिलं तर वाटतं वॉचमन लिंबू-चमच्याच्या शर्यतीत पहिला आलाय. 'बोनस' लिहायला सेक्रेटरी नको म्हणतात, म्हणे मग ते हक्क सांगतील. 'टीप' एकदम हॉटेलातलं वाटतं. 'चहापाणी' लिहिलं तर लाचलुचपतवाले येतील. आईला विचारलं तर ती कुकर लावता लावता म्हणाली, पोस्त लिही की, दिवाळीची पोस्त.

आता हा शब्द मी वीस-पंचवीस वर्षांनी ऐकला. लहानपणी मला पक्कं वाटायचं की पोस्टमन मागायला येतो म्हणून तिला पोस्त म्हणतात, आणि भैया मागायला आला की तिला दुसरं काहीतरी नाव असणार. हसू नका. तर प्रश्न दोन. पोस्त अजून कोणी म्हणतं का, आणि टिपेला आपला असा एक धड शब्द आहे का?

--

पोस्टमनचा आणि पोस्तीचा काही संबंध नाही हो, पण तुमच्यासारखं समजणारे मी बरेच पाहिलेत, माझा सख्खा भाऊ त्यातलाच. आमच्याकडे रत्नागिरीत शिमग्यालाही पोस्त मागतात, आणि आम्ही 'ते पोस्त' म्हणतो, 'ती पोस्त' नाही. शिमग्याचं पोस्त. पोरं रस्त्यात दोरी धरून उभी राहायची, गाडी अडवायची, पोस्त दिल्याशिवाय सोडायची नाहीत. म्हणजे त्यात कसली सेवा न् कसलं काय, सण आहे आणि तुमच्या खिशात पैसे आहेत एवढंच कारण पुरे. त्यामुळे पोस्त म्हणजे टीप नव्हे असं माझं मत.

--

पुण्यात 'ती पोस्त'च. बाकी अफूच्या बोंडालाही पोस्त म्हणतात आणि बंगाल्यांचं पोस्तो म्हणजे आपली खसखस, त्यावरून कोणी 'नशापाण्यासाठी मागतात ती पोस्त' अशी व्युत्पत्ती काढली तर ऐका आणि सोडून द्या.

बक्षीसबद्दल मात्र खात्रीने सांगता येतं. मूळ फारसी 'बख्शीदन', त्याचे अर्थ दोन, देणे आणि माफ करणे. हिंदी सिनेमात 'मुझे बख्श दो' म्हणतात ते त्यातलंच. तुर्कांनी 'बहशीश' केलं आणि ते जिथे जिथे राज्य करत गेले तिथे तिथे शब्द ठेवून आले, रोमानियात आजही हॉटेलातल्या टिपेला 'बक्शीश'च म्हणतात, इजिप्तमध्ये पिरॅमिड बघायला गेलात तर उंटवाल्यापासून संडासाच्या दारातल्या माणसापर्यंत हाच शब्द कानावर पडतो. गंमत अशी की जगभर हा शब्द हात पसरून मागायच्या नाण्याचा झाला आणि मराठीत तो चढत गेला. वक्तृत्व स्पर्धेत पहिलं बक्षीस, आणि घर मुलीच्या नावावर करायचं तर बक्षीसपत्र. मग खालचा अर्थ सांगायला आपण शेपटीला ई जोडून 'बक्षिसी' वापरतो. बक्षीस स्टेजवर मिळतं, बक्षिसी जिन्यात.

--

जिन्यात, बरोबर. आणि हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये.

माझी मुलगी झाली तेव्हाचं सांगते. मला वॉर्डात आणल्यावर दहा मिनिटांत आया आली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाली बक्षिसी द्या, तर त्याने खिशात हाताला आली ती पाचशेची नोट काढून दिली, तर ती बाई काय म्हणावी, मुलगा असता तर मी हजाराखाली सोडलं नसतं. म्हणजे तिनेच आम्हाला डिस्काउंट दिला. तेव्हा हसलो आम्ही, नंतर मला जाम राग आला. पण खरी गंमत पुढे आहे. तिसऱ्या दिवशी टाके दुखतायत म्हणून व्हीलचेअर मागितली तर वॉर्डबॉय नुसता उभा, बघतोय. नवऱ्याने शंभर दिले मग चेअर आली. आता पहिले पाचशे बक्षिसी होते, मान्य, लाज वाटली तरी आनंदाचेच होते. हे शंभर काय होते? माझ्या मते ती चिरीमिरी. काम व्हायच्या आधी द्यावे लागतात ते चिरीमिरी, झाल्यावर आपण होऊन देतो ती बक्षिसी.

--

ताई फरक एकदम बरोबर पकडला. आमच्या ऑफिसात (सरकारी आहे, जास्त विचारू नका) चिरीमिरीला कोणी चिरीमिरी म्हणत नाही, तो शब्द पेपरवाल्यांचा. तोंडी शब्द 'चहापाण्याचं बघा', किंवा नुसतंच 'बघा जरा'.

--

चहापाण्यावरून आठवलं. युरोपातल्या कितीतरी भाषांत टीप म्हणजे पिण्याचेच पैसे. फ्रेंच 'पूरब्वार' म्हणजे पिण्यासाठी, जर्मन 'ट्रिंकगेल्ड' म्हणजे पिण्याचा पैसा, पोलिश 'नापिवेक' तर सरळ बिअरसाठी, पोर्तुगीज 'गोर्जेता' घशावरून आलाय, आणि रशियन आपल्यासारखेच सभ्य, 'ना चाय', चहासाठी. म्हणजे देणारा सगळीकडे तेच म्हणतो, जा बाबा घसा ओला कर. त्यांच्याकडे तो शब्द टेबलावर राहिला, आपल्याकडे टेबलाखाली गेला. चहापाणी हा किती चांगला शब्द होता राव, पाहुणा आला की चहापाणी झालं का विचारायचे, आता तलाठ्याशिवाय कोणी आठवत नाही.

--

तुम्ही सगळे नामं शोधताय, जरा क्रियापदं बघा. मी तमाशाच्या फडांवर थोडंफार काम केलंय म्हणून मला हे पटकन दिसतं. बारीत बसलेला माणूस नाचणारीला पैसे देतो त्याला 'दौलतजादा' म्हणतात, आणि दौलतजादा देत नाहीत, 'करतात'. देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं, चारचौघांत मिरवायचं असतं, म्हणून करायचा. कीर्तनकाराची, गवयाची ती 'बिदागी', ती आधी ठरते आणि निघताना हातात मिळते, मागून घेतली तरी कमीपणा नाही. भटजींपुढे दक्षिणा 'ठेवतात', नमस्कार करून, कारण तिथे घेणारा वर आणि देणारा खाली. बहिणीला ओवाळणी 'घालतात'. बलुतं 'घेऊन जातात', ते तर वर्षभराच्या कामाचं सुगीत उचलायचं धान्य, उपकार नाहीच. पोस्त 'मागतात'. बक्षिसी 'देतात', वरून खाली. लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो त्याला कानपिळी मिळते, ती तर चक्क खंडणी आहे आणि सगळे टाळ्या वाजवतात.

म्हणजे टिपेला एक शब्द नाही याचं कारण आपल्याकडे पैसे एकाच प्रकारे हात बदलत नव्हते. कोण कोणाला देतोय आणि कोणाची मान खाली आहे यावर शब्द ठरायचा.

--

हे भारी आहे. मग टिपेचं क्रियापद काय? मी म्हणतो 'ठेवणे'. टीप ठेवली. म्हणजे दक्षिणेसारखं!

--

वेटरपुढे नमस्कार करून ठेवतो का पण आपण? बडीशेपेच्या बशीत ठेवतो, आणि तो लांब गेल्यावर उठतो, नजरानजर नको म्हणून. खरं सांगू का, उडप्याकडे कोणी मराठी माणूस 'ही घे टीप' म्हणताना मी ऐकलेलं नाही. आपला खरा शब्द 'वरचे राहू दे'. एकशे ऐंशीचं बिल, दोनशेची नोट, वरचे राहू दे. रिक्षावाल्याला पण तेच. आता यूपीआय आल्यापासून एकशे ऐंशी म्हणजे एकशे ऐंशीच जातात, वरचे उरतच नाहीत. माझ्याकडून महिन्याला किती टीप कमी गेली असेल, लाज वाटते.

--

न्यू जर्सीतून. इथे 'वरचे राहू दे' म्हणून भागत नाही. माझे बाबा पहिल्यांदा आले तेव्हा आम्ही जेवायला गेलो, बिल साठ-बासष्ट डॉलर, बाबांनी हट्टाने स्वतः दिलं आणि वर दोन डॉलर ठेवले, त्यांच्या हिशोबात दीडशे रुपये, भरपूर. ती मुलगी बाहेरपर्यंत आली विचारायला, जेवणात काही चुकलं का. मी लाजेने मेलो, दहा डॉलर दिले. बाबांना गाडीत समजावलं की इथे फेडरल कायद्याने टिपेवर काम करणाऱ्याला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात, १९९१ पासून तोच आकडा आहे, बाकीचा पगार गिऱ्हाइकाने द्यायचा (कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत तसं नाही, तिथे पूर्ण किमान वेतन आहे, टीप वेगळी). बाबा म्हणाले, मग ही टीप कसली, हे बलुतं झालं. तेव्हा हसलो होतो, आज वरचा क्रियापदांचा प्रतिसाद वाचून पटलं.

आणि आता तर कॉफी घ्यायला गेलं तरी ती स्क्रीन फिरवून पुढे करतात, १८, २०, २५ टक्के, मागे चार माणसं उभी. तिथे मात्र पोस्त मागतात हेच क्रियापद बसतं.

--

मी जपानमध्ये तीन वर्षं होतो, तिथे हॉटेलात टीप ठेवायची पद्धतच नाही. फक्त जुन्या पद्धतीच्या सराईत उतरलात तर खोली बघणाऱ्या बाईला छोट्या पाकिटात घालून थोडे पैसे देतात काही लोक, त्याला 'कोकोरोझुके' म्हणतात, मनातून दिलेलं असं काहीसं. पाकिटाशिवाय उघडी नोट दिली तर बरं दिसत नाही. आपल्या आहेराच्या पाकिटासारखंच, फक्त वरचा एक रुपया नाही.

--

कोणीतरी आता 'टीप' म्हणजे 'टु इन्शुअर प्रॉम्प्टनेस'चं लघुरूप असं लिहायच्या आत सांगतो, ती थाप आहे. इंग्रजीत सतराव्या शतकातल्या चोरभामट्यांच्या बोलीत 'टिप' म्हणजे हळूच देणे, सरकवणे, तिथून आलंय. आपल्याकडे मात्र टीप आधीच घरात होती. शिलाई मशीनवर टीप मारतात, पुस्तकात तळटीप, गाणाऱ्याचा आवाज टिपेला जातो. इंग्रजी टीप येऊन या गर्दीत बसली आणि पोलिसांना खबर देतात तीसुद्धा टीपच. माझी आजी शिवणकाम करायची, हॉटेलात काका म्हणाला टीप किती ठेवू तर ती म्हणाली, 'कुठे उसवलंय?'

--

सर्व्हिस चार्जचा विषय राहिला. सेवाशुल्क! दहा टक्के आपोआप बिलात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की असं परस्पर लावू नका, हॉटेलवाले कोर्टात गेले, स्थगिती आली, मग मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने हॉटेलवाल्यांच्या याचिका फेटाळल्या. म्हणजे आता ते ऐच्छिक. तरी काही ठिकाणी बिलात येतंच, काढा म्हणलं तर मॅनेजर असा बघतो की जणू आपण त्याच्या मुलीच्या लग्नात आहेर परत मागितला. शब्द बघा, 'सेवा' आणि 'शुल्क' एकत्र. सेवा केली तर शुल्क कसलं.

--

मूळ प्रश्नकर्ता. बापरे, किती प्रतिसाद. सगळे वाचले, आईलाही वाचून दाखवले (कुठे उसवलंय ला ती दोनदा हसली).

सेक्रेटरींना क्रियापदांचा मुद्दा सांगितला. म्हणलं वर्षभर रात्री गेट उघडतो त्याला आपण वरून खाली काही देत नाही, घेऊन जाण्यासारखंच आहे ते, तर ते म्हणाले मग 'सानुग्रह अनुदान' लिहा, महापालिकेत दिवाळीला तोच शब्द असतो. म्हणलं काका, अनुग्रह म्हणजे तर कृपा, ती परत वरून खालीच आली. बोनस म्हणलं की त्यांना कायदा आठवतो, किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे एक पगार. आमच्या कामाच्या मावशींना आम्ही दिवाळीला एक पगार देतोच की, आणि तिथे आम्ही सगळे बिनधास्त बोनस म्हणतो. वॉचमनच्या वेळीच शब्द शोधायला लागतात.

शेवटी 'दिवाळी' एवढंच लिहिलं. 'वॉचमन व सफाई कर्मचाऱ्यांची दिवाळी, घरटी ५०० रु.' वॉचमन पण तेच म्हणतो, साब दिवाली. काल संध्याकाळी नोटीस लावली, आज सकाळी बघतो तर दिवाळीच्या पुढे कोणीतरी निळ्या पेनाने 'बोनस' जोडलंय. सेक्रेटरींनी अजून पाहिलेलं नाही.

--

खोडू नका ते. आणि पोस्त ती की ते, हे ठरलंच नाही.

--

ते. पैसे जमले का?

--

ती. चार घरं बाकी आहेत, त्यातलं एक सेक्रेटरींचं.