फोर्ड ८एनचे पॉइंट: घरच्या ग्रुपवरची चर्चा

समीर (ओहायो): नानाकाका, प्रमोददादा, जरा मदत हवी आहे. शेडमधला फोर्ड ८एन ट्रॅक्टर गरम झाला की मिसिंग करतो (इंजिन मधेमधे अडखळतं), बंद केला की अर्धा तास चालू होत नाही. पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप सगळं नवीन आणलंय. डिस्ट्रिब्युटर जागेवर ठेवूनच बसवू का?

मीनावहिनी: ट्रॅक्टरला डिस्ट्रिब्युटर असतो?

नानाकाका: आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर डिझेलचे, त्यांना नसतो. डिस्ट्रिब्युटरमधला फिरणारा रोटर प्रत्येक प्लगला पाळीपाळीने स्पार्क वाटतो. हा पेट्रोलवर चालणारा, १९४७ ते ५२ मधला. आत जुन्या फियाटसारखेच पॉइंट, म्हणजे कॅमने उघडमिट होऊन कॉइलचा करंट तोडणारे संपर्क; कंडेन्सर त्यांच्यावरची ठिणगी दाबतो.

प्रमोददादा: समीर, आधी कॉइल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी) कुठे आहे ते सांग. पंख्यामागे, डिस्ट्रिब्युटरच्या डोक्यावरच चौकोनी कॉइल बसलेली असेल तर तो समोरचा डिस्ट्रिब्युटर. १९५० मध्ये फोर्डने तो बाजूला नेला आणि कॉइल वेगळी, गोल केली. दोन्हींची पॉइंटमधली गॅप वेगळी: समोरच्याला ०.०१५ इंच, बाजूच्याला ०.०२५.

समीर: चौकोनी. समोरचा.

नानाकाका: मग जागेवर हात घालू नकोस. पंखा आणि रेडिएटर आडवे येतात, फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) तिरकी जाते आणि गॅप खोटी दिसते. कॉइलची तारेची क्लिप काढ, कॉइल उचल, कॅप सोडव. दोन बोल्ट काढले की अख्खा डिस्ट्रिब्युटर हातात येतो. टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) बिघडेल ही भीती नको. शाफ्टच्या टोकाची जीभ मध्यभागी नाही, एका बाजूला सरकलेली आहे. कॅमशाफ्टच्या खाचेत ती एकाच तऱ्हेने बसते.

प्रमोददादा: पण बसवताना घाई नको. रोटर हाताने हळूहळू फिरवत ठेव, जीभ खाचेत पडली की बॉडी आपोआप टेकते. टेकली नसताना बोल्टने ओढून घेतली तर बॉडीचे कान तुटतात. या ट्रॅक्टरांत असे कान तुटलेले डिस्ट्रिब्युटर काही कमी नाहीत.

नानाकाका: पॉइंट बदलायच्या आधी शाफ्ट धरून आडवा हलवून बघ. बुश (शाफ्टला धरणाऱ्या नळ्या) झिजले असतील तर नवीन पॉइंटचा उपयोग शून्य. कॅमला चार उंचवटे आहेत, चारही ठिकाणी गॅप मोज. एकीकडे १५ थाऊ (०.०१५ इंच) आणि दुसरीकडे ११ आली तर आधी बुश बदल. पॉइंटऐवजी बसणाऱ्या इलेक्ट्रॉनिक किटच्या मागे लागण्याआधीही हेच बघायचं.

समीर: आणि शाफ्ट ठीक असेल तर?

नानाकाका: रोटरखालचा कॅम स्वच्छ पूस. नवीन पॉइंटवर पॅकिंगचं तेल असतं, ते स्पिरिट लावलेल्या कागदाने काढ. हा तेलाचा थर राहिला तर स्पार्कच येत नाही आणि माणूस कॉइल बदलत बसतो. पॉइंटची टाच (कॅमवर घासणारा भाग) उंचवट्याच्या बरोबर टोकावर आण, मग ०.०१५ लाव, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. फीलरची पट्टी हलकी घासत सरकली पाहिजे. स्क्रू आवळल्यावर पुन्हा मोज, आवळताना गॅप हमखास हलते. कॅमवर ग्रीस ज्वारीच्या दाण्याएवढं, जास्त नको. ते उडून पॉइंटवर जातं.

मीनावहिनी: जुने पॉइंट घासून चालत नाहीत का?

प्रमोददादा: तात्पुरते चालतात. पण एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टोक झालेलं असतं. फीलर टोकाला लागते, खरी गॅप जास्त असते. आणि टाच झिजत जाते तशी गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग मागे पडतं. ओढ कमी झाल्यासारखी वाटते ती त्यामुळे.

नानाकाका: आता या मॉडेलची खरी गोम. आत पॉइंट आणि कंडेन्सरपर्यंत जाणारी एक तांब्याची पट्टी आहे, बाहेर पितळी स्क्रूवर कॉइलची स्प्रिंग टेकते. पट्टी थोडी वाकून बॉडीला लागली किंवा स्क्रूचं इन्सुलेटर गेलं की स्पार्क बंद. म्हणून टेबलावरच मल्टिमीटर लाव. पॉइंटमध्ये कागद घालून स्क्रू ते बॉडी रेझिस्टन्स अनंत दिसला पाहिजे. कागद काढून पॉइंट मिटले की जवळपास शून्य. मिटूनही शून्य येत नसेल तर पॉइंट खराब किंवा घाण. कागद असतानाच शून्य आला तर पट्टी, इन्सुलेटर नाहीतर कंडेन्सर शॉर्ट.

समीर: टायमिंग लाइट लावायची का?

प्रमोददादा: गरज नाही, हेही टेबलावरच होतं. जिभेच्या रुंद बाजूला सरळ पट्टी लावून धर. शाफ्ट जिभेच्या बाजूने बघताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरव. पट्टीची कड बोल्टच्या भोकाच्या बाहेरच्या कडेपासून पाव इंचावर आली की पॉइंट नेमके उघडायला लागले पाहिजेत. मीटर तिथेच लावून ठेव, आवाजाने कळतं. नसेल तर बाजूची छोटी प्लेट सैल करून सरकव. गॅप आधी, टायमिंग नंतर. उलट केलंस तर दोन्ही पुन्हा करावं लागेल.

नानाकाका: आणि गरम झाल्यावर मिसिंग म्हणजे पॉइंटपेक्षा माझा संशय कॉइलवर, मग कंडेन्सरवर. बंद पडेल तेव्हा लगेच कॉइलचा स्पार्क बघ. मोकळ्या हवेत पाव इंच निळी उडी हवी. थंड असताना मारते आणि गरम झाल्यावर पिवळट, बारीक होते, तर कॉइल गेली. जुना कंडेन्सर मात्र जपून ठेव, नवीन निघाले तरी खराब निघतात.

समीर: बॅटरी १२ व्होल्टची आहे, मूळ ६ होती ना?

प्रमोददादा: हो, आणि पॉझिटिव्ह बॉडीला होता. कुणीतरी बदललंय. मग डॅशबोर्डमागचा, कॉइलचा करंट कमी करणारा रेझिस्टर आहे की काढून टाकलाय ते आधी बघ. ६ व्होल्टची कॉइल तशीच १२ वर लावली तर करंट दुप्पट होतो. कॉइल तापते आणि पॉइंट जळतात. पॉइंट मिटलेले असताना चार अँपिअरच्या आसपास करंट असावा. जास्त असेल तर मालिकेत आणखी एक रेझिस्टर लाव. १२ व्होल्टची कॉइल असली तरी मूळ रेझिस्टर राहू दे.

समीर: म्हणजे माझी कॉइल याच कारणाने गेली असेल.

नानाकाका: शक्य आहे. दुसरं कारण, स्विच चालू राहणं. पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबलं असेल तर कॉइल शांतपणे शिजत राहते.

प्रमोददादा: वायरी काढण्याआधी फोटो काढ. याचा सिलिंडरना स्पार्क मिळायचा क्रम १-२-४-३ आहे, फियाट किंवा जीपसारखा १-३-४-२ नाही. एक नंबरचा सिलिंडर रेडिएटरकडचा. समोरून बघितलं तर रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. प्लगची गॅप ०.०२५ इंच.

समीर: शनिवारी करतो. मीटरचे आकडे इथेच टाकतो.

नानाकाका: टाक. कॅपखालचं गॅस्केट नवीनच लाव, पंख्याचं पाणी आणि धूळ तिथूनच आत जाते.